कंदिलांचे परीक्षण अंधारात व्हावे

पंचांग बदलले म्हणून चंद्र बदलत नाही. त्यामुळे आपण अमान्त गणनेने जिला आषाढ अमावास्या म्हणतो, तीच पूर्णिमान्त गणना पाळणाऱ्या छत्तीसगडात श्रावणातील अमावास्या ठरते, आणि रायपुरातील मराठी घरांत ज्या दिवशी समया, निरांजने, लामणदिवे चिंचेने घासून पाटावर मांडून पुजले जातात, त्याच दिवशी शेजारच्या छत्तीसगढी घरात नांगर, कुदळ, फावडे धुऊन हरेलीचा सण साजरा होतो. एका घरातून कणकेच्या गोड दिव्यांचा वास येत असतो, तर दुसऱ्या घरातील मुले बांबूच्या गेडीवर, म्हणजे उंच काठ्यांवर, चढून चिखलातून मोठ्या दिमाखात हिंडत असतात. एका दारात दिवा आणि दुसऱ्या दारात बांबू, असा हा योग पंचांगाने आपण होऊन जुळवून दिलेला आहे, आणि मुलांच्या हातून प्रकाशाचे काही सुंदर काम करून घ्यावयाचे असेल तर त्याला लागणारी निम्मीअधिक सामग्री त्या दिवशी गल्लीतच हजर असते. आपण मात्र दिवाळीची वाट पाहतो, आणि दिवाळी आली की बाजारात जातो.

रायपुरातील मराठी वस्ती काही कालपरवाची नव्हे. नागपूरकर बिंबाजी भोसले १७५८ पासून १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहत होते, त्यांच्यामागून सुभेदारांचा अंमल आला, आणि १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकाने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविल्यावर कचेऱ्यांच्या मागोमाग मराठी बिऱ्हाडेही तात्यापारा, बुढापारा, ब्राह्मणपारा अशा वस्त्यांतून विसावली. येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचे. या मंडळींनी आपल्याबरोबर गणपती आणला, नाटक आणले, चकलीचा सोऱ्या आणला, आणि आकाशकंदीलही आणला. आणि ज्या प्रदेशात दिवाळीच्या रात्री, म्हणजे सुरहुत्तीला, तांदळाच्या पिठाचे दिवे करून ते गोठ्यात, विहिरीपाशी, शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याचा शिरस्ता आहे, तेथे उंचावर टांगलेला कागदी दिवा कोणाला परका वाटण्याचे कारणच नव्हते.

हा कंदील मुलांनी स्वहस्ते करावा म्हणून आता ठिकठिकाणी स्पर्धा भरतात, ही गोष्ट स्तुत्य आहे. परंतु अशा एका स्पर्धेस, जिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, उपस्थित राहण्याचा योग आला तेव्हा जे दृश्य पाहिले ते मनातून जात नाही. सकाळी अकराची वेळ, खिडक्या सताड उघड्या, छताला ट्यूबलाइटच्या रांगा लखलखत असलेल्या, आणि टेबलांवर ओळीने मांडलेले कंदील. त्यांतील एकातही दिवा नव्हता. परीक्षक हातात कागद घेऊन आकाराला गुण देत होते, रंगसंगतीला देत होते, नीटनेटकेपणाला देत होते, आणि ज्या कारणासाठी ही वस्तू जन्माला आली ते कारण विचारात घेण्याची गरज कोणालाच वाटत नव्हती. सनई न वाजविता तिच्या पॉलिशावरून वादनाचे बक्षीस वाटण्यासारखाच हा प्रकार झाला. परिणाम व्हायचा तोच होतो: ज्या कंदिलावर टिकल्या, आरसे आणि सोनेरी फिती यांची गर्दी अधिक, तो पहिला येतो, आणि ती गर्दी आठ वर्षांच्या बोटांची नसून छत्तीस वर्षांच्या बोटांची आहे, हे सर्वांना दिसत असूनही कोणी बोलत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की मुलांच्या प्रकाशकामात प्रकाश हेच मुख्य द्रव्य मानले पाहिजे. कागद, बांबू, माती, डबा ही सगळी त्या द्रव्याला वळण देणारी उपकरणे होत. हा क्रम एकदा ध्यानात आला की कोणती सामग्री घ्यावी, ती किती घ्यावी, मोठ्यांनी कोठे थांबावे, या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

जुन्या पद्धतीचा कंदीलच घ्या. बांबूचे पेर उभे चिरून त्याच्या कामट्या काढाव्या लागतात, आणि कामटी चिरताना कोयत्याचे पाते दाबायचे नसून ते केवळ धरायचे असते, कारण बांबू आपल्या धाग्याने स्वतःच फाटत जातो, ही गोष्ट सांगून कळत नाही, पाहून कळते. कामटीची आतली बाजू सुरीने तासून सारखी करावयाची, कडेचे कूस बोटाला लागू नये म्हणून काचेच्या कागदावर घासावयाचे, चौकटी दोऱ्याने आवळून बांधावयाच्या. आणि एखादी कामटी दुसरीपेक्षा बोटभर लांब राहिली तर सांगाडा जो तिरपा होतो तो मग शेवटपर्यंत तिरपाच राहतो. मैद्याची खळ शिजवताना ती सारखी ढवळावी लागते, नाहीतर गुठळ्या होतात, आणि गुठळीवर चिकटवलेल्या पतंगी कागदाला वाळल्यावर सुरकुती पडते. (पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालीत, ते विष असल्यामुळे मुलांच्या खळीत नसलेलेच बरे.) इथपर्यंत झाली ती कारागिरी. खरी मौज पुढे, दिवा आत गेल्यावर.

पतंगी कागदाचे तंतू प्रकाशाला सरळ जाऊ न देता चहूकडे विखुरतात, म्हणून आतला दिवा दिसेनासा होतो आणि कागदाची सबंध बाजूच उजळते. जेथे दोन कागद एकमेकांवर चढले असतील तेथे रंग गडद होतो. पिवळ्यावर निळा चढला असेल तर कडेला अनपेक्षित हिरवी रेघ उमटते, आणि तांबड्यावर हिरवा चढला असेल तर जवळजवळ काळी. दिवसा जो सांधा आपण चूक म्हणून लपवीत होतो तोच रात्री शोभा देतो, आणि दिवसा ज्या चकचकीत टिकलीचे कौतुक झाले ती रात्री नुसता एक काळा ठिपका होऊन बसते, कारण तिच्यातून प्रकाश पलीकडे जात नाही. एखाद्या मुलीने हे एकदा पाहिले की पुढच्या कंदिलाला ती टिकली लावणार नाही. तिला त्यासाठी कोणी सौंदर्यशास्त्र शिकवावे लागणार नाही.

दिव्याचाही स्वभाव असतो. पूर्वी कंदिलात झिरोचा बल्ब लावीत. नावाने शून्य असलेला हा दिवा सुमारे पंधरा वॉट वीज खाई, पण चहूबाजूंनी सारखा उजळे आणि कागद करपण्याइतका तापत नसे. आजचा एलईडी बल्ब त्याहून कमी तापतो, हा मोठाच लाभ; मात्र त्याचा बुडखा अपारदर्शक असल्यामुळे तो उलटा टांगला की कंदिलाचा खालचा भाग झगझगतो आणि वरचे कोपरे अंधारात राहतात. आता यावर उपाय काय? दिव्याभोवती पांढऱ्या कागदाची नळी बसवावी, की वरून पत्र्याचा किंवा चांदीच्या कागदाचा परावर्तक द्यावा, की कंदिलाचा आकारच वर निमुळता करावा? हे प्रश्न खऱ्या प्रकाशयोजनेचे आहेत, मोठमोठ्या नाट्यगृहांचे प्रकाशयोजनाकार हेच प्रश्न सोडवीत असतात. आणि तयार किट घेऊन बसलेल्या मुलापुढे हे कधी उभेच राहत नाहीत, कारण किट करणाऱ्याने ते त्याच्या वतीने आधीच सोडवून टाकलेले असतात.

यासाठी पहिली गरज आहे ती अंधाराची, आणि रायपुरात आज सर्वांत दुर्मिळ झालेली वस्तू तीच आहे. या राज्यात कोळसा विपुल आहे, कोरब्याच्या एका केंद्रीय औष्णिक केंद्राचीच क्षमता २६०० मेगावॉट आहे, आणि ही समृद्धी आपल्या चौकांतून, दुकानांच्या पाट्यांतून आणि घरांच्या छतांतून रात्रभर ओसंडत असते. वीज असणे हे भाग्यच आहे. जिच्या आजीने चिमणीच्या उजेडात अभ्यास केला तिला ते सांगावे लागत नाही. परंतु ज्या मुलाने अंधारी खोली कधी अनुभवलीच नाही, त्याला एका दिव्याने काय होते हे कळणार तरी कसे? म्हणून शाळेच्या एका वर्गाला काळे पडदे लावून किंवा जुनी सतरंजी खिडकीवर टाकून अंधार निर्माण करण्याची तजवीज करणे, हा या शिक्षणातील पहिला आणि सर्वांत स्वस्त खर्च समजावा.

अशा खोलीच्या खिडकीवरील पुठ्ठ्याला पेन्सिलीच्या टोकाने भोक पाडले की दुपारच्या रस्त्याचे चित्र समोरच्या भिंतीवर उलटे उतरते: रिक्षा छताला लटकून चालली आहे, माणसे डोक्यावर चालली आहेत. जुन्या कवलारू घरांत वाढलेल्यांनी कवडसे पाहिलेले असतात. पण फट चौकोनी असो की वेडीवाकडी असो, उंचावरून पडलेला कवडसा गोलच का येतो, हे फार थोड्यांनी विचारलेले असते. तो गोल असतो कारण ती सूर्याची प्रतिमा असते. तीन मीटरांवरून आलेल्या कवडशाचा व्यास सुमारे पावणेतीन सेंटिमीटर भरतो, आणि खंडग्रास ग्रहणाच्या वेळी झाडाखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात. टीचभर पट्टी आणि एक भोक यांवर मूल सूर्याचे माप घेऊ शकते, ही गोष्ट मला कोणत्याही झगमगत्या मॉडेलपेक्षा अधिक थरारक वाटते.

याहून सोपे साधन म्हणजे तेलाचा डाग. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकून तो जिरू द्यावा आणि कागद दोन दिव्यांच्या मध्ये उभा धरावा. ज्या बाजूला उजेड कमी तिकडून डाग उजळ दिसतो, ज्या बाजूला अधिक तिकडून काळपट, आणि कागद पुढेमागे सरकवता सरकवता एका जागी तो डाग जवळजवळ दिसेनासा होतो. तेथे दोन्हीकडचा प्रकाश समान झाला. मग दोन्ही अंतरे मोजावीत, त्यांचे वर्ग करावेत, आणि पणतीच्या कितीपट उजेड टॉर्चचा आहे याचा हिशेब मांडावा. अंतर दुप्पट केले की उजेड चौथाई उरतो, हा नियम पाठ करण्याची मग आवश्यकता राहत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यांनी एकोणिसाव्या शतकात हीच युक्ती प्रयोगशाळेत वापरली होती. आपल्याकडे तर भज्यांच्या पुडीचा कागद घरोघरी असतो.

दोन टॉर्चवर तांबडा आणि हिरवा जिलेटीन कागद बांधून ते एकाच भिंतीवर सोडले तर भिंत पिवळसर होते, आणि मध्ये हात धरला की एका हाताच्या दोन सावल्या पडतात, एक तांबडी, एक हिरवी. कंदिलाच्या कागदात तांबडे आणि हिरवे एकत्र आले तर काळोख झाला होता, येथे उजेड झाला. हे असे का, यावर सातवीच्या मुलांत होणारा वाद ऐकण्यासारखा असतो. कोणी याला पोरखेळ म्हणेल, तर त्याने स्मरावे की १९२८ च्या फेब्रुवारीत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी जो शोध लावला त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत सूर्यप्रकाश, एक द्रव आणि परस्परपूरक रंगांच्या गाळण्या हीच मुख्य सामग्री होती. आणि हे रामन तरुणपणी काही काळ नागपुरास हिशेबखात्याच्या नोकरीत होते, म्हणजे आपल्या जुन्या मध्यप्रांताचे पाणी त्यांनीही प्यालेले होते.

प्रदेशाप्रमाणे प्रश्नही बदलावेत. रायपूरच्या भोवती धानाचा मुलूख आहे, आणि दिवाळीच्या सुमारास धान पिकत असताना त्यावरील बारीक हिरवे तुडतुडे, ज्यांना येथे माहू म्हणतात, शहरातील दिव्यांवर असे तुटून पडतात की अंगणातील पाने वाढण्याची सोय राहत नाही. दरवर्षी सगळे त्रागा करतात. एखाद्या शाळेने या त्राग्याचा प्रयोग करावा: दोन सारखे दिवे, एकावर पांढरा कागद, दुसऱ्यावर पिवळा, खाली पाण्याची परात, आणि तासाभराने परातींतील किड्यांची मोजदाद. किडे सामान्यतः निळ्या-जांभळ्या आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात, पिवळ्याकडे कमी. पण ही ओळ पुस्तकात वाचणे वेगळे आणि परातीत मोजणे वेगळे. आकाशकंदिलाचा रंग निवडण्याला एक नवे कारणही त्यातून मिळेल.

छत्तीसगडच्या स्वतःच्या दिव्यांकडेही आपण मराठी माणसांनी अधिक आदराने पाहावयास हवे. बस्तरचे लोहार लोखंड ठोकून जे उंच दिवे घडवतात ते आपण दिवाणखान्यात ठेवतो आणि त्यांत तेल कधी घालीत नाही. कोंडागावचे कुंभार अशोक चक्रधारी यांच्या मातीच्या दिव्याची चित्रफीत २०२० च्या दिवाळीच्या सुमारास देशभर फिरली: वर घुमटाकार तेलपात्र, खाली वात, आणि पणतीतले तेल उतरले की वरून आपोआप थोडे उतरणारे. यात जादू नाही. पणतीतील तेलाची पातळी नळीच्या तोंडाखाली गेली की हवा आत शिरते आणि तेवढ्याच मापाचे तेल खाली येते, पातळी पूर्ववत झाली की हवेचा मार्ग बंद. कोंबड्यांच्या पाणपात्रातही हेच तत्त्व असते. प्लास्टिकची बाटली आणि बशी घेऊन पाण्यावर हे प्रथम करून पाहावे, आणि मग मातीला हात घालावा.

आता आक्षेपांविषयी. पहिला धोक्याचा, आणि तो खरा आहे. २३० व्होल्टच्या विजेला मुलांनी स्पर्श करावयाचा नाही, ती जोडणी जाणत्याने करावी, यात तडजोड नाही. नाण्याएवढे जे लिथियमचे सेल खेळण्यांत आणि किटांत सर्रास मिळतात ते लहान मुलाने गिळले तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघू शकते. म्हणून घरात तान्हे भावंड असेल तेथे ते आणूच नयेत. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात, ते दोन पेन्सिल सेलांतून मिळतात, आणि रंग कागदाने देता येतो. पणती असेल तर शेजारी पाण्याची बादली आणि अंगावर सुती कपडे, हा बंदोबस्त आपल्या आज्यांना ठाऊक होताच.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या सवडीचा. त्यांच्यामागे नोंदवह्यांचा आणि अहवालांचा जो तगादा आहे तो पाहता त्यांना दोष देववत नाही. तथापि रायपूर ज्या राज्यात तेव्हा होते त्याच मध्य प्रदेशात होशंगाबादेच्या सोळा शाळांतून १९७२ साली विज्ञानशिक्षणाचा एक उपक्रम सुरू झाला आणि मुलांनी साध्या साहित्यावर स्वतः प्रयोग करून शिकावे, परीक्षेत पुस्तक उघडून बसावे, असा त्याचा क्रम तीस वर्षे सरकारी शाळांतच चालला. २००२ मध्ये तो बंद करण्यात आला हे दुर्दैव, पण तो अशक्य होता असे कोणी म्हणू नये. आगपेटीच्या काड्यांतून भूमिती शिकविणारे अरविंद गुप्ता त्याच वातावरणातून पुढे आले आणि नंतर पुण्यात त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे भांडार उभे केले. त्याच्याही पूर्वी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले तेव्हा महागड्या परदेशी साधनांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने आणली होती. साधेपणा हा गरिबीचा नाइलाज नसून ते एक विचारपूर्वक निवडलेले धोरण असू शकते, हे आपल्याच माणसांनी सिद्ध केलेले आहे.

तेव्हा रायपुरातील मंडळे, शाळा आणि गणेशोत्सव समित्या यांच्यापुढे माझी मागणी अशी. कंदिलांची स्पर्धा सायंकाळी सातनंतर घ्यावी आणि सभागृहातील सर्व दिवे मालवूनच परीक्षण करावे. कंदील टेबलावर न मांडता तारेवर टांगावेत, कारण आकाशकंदील खालून पाहावयाचा असतो. किट वर्ज्य असावे. आईवडिलांना दाराबाहेर चहा द्यावा. प्रत्येक मुलाला आपल्या कंदिलाखाली उभे करून एकच प्रश्न विचारावा, की पेटवल्यानंतर तुला यात न ठरवलेले असे काय दिसले. ज्याला उत्तर देता येईल त्याचा सांगाडा तिरपा असला तरी गुण कापू नयेत. आणि कामट्या काढावयास शिकविण्यासाठी शहरातील सुपे-टोपल्या विणणाऱ्या बसोड कारागिराला हरेलीनंतरच्या एखाद्या रविवारी बोलवावे. परीक्षकाला शाल, श्रीफळ आणि मानधनाचे पाकीट मिळते. या कारागिरालाही तेच मिळावे. काटकसरच करावयाची असेल तर शाली दोघांच्याही वगळाव्यात, पाकीट मात्र दोघांचे सारखे असावे.